वर्गाला गेरू की चुना?

मोखाड्याच्या बाजूला डोंगरात एक दोन खोल्यांची शाळा आहे. शिक्षकही दोनच, एक गुरुजी आणि एक बाई. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांची माझी ओळख झाली आणि पुढे येणेजाणे वाढले. गेल्या एप्रिलमध्ये या शाळेला रंगकामासाठी थोडेसे पैसे मिळाले आणि दोघांत वाद सुरू झाला. तो इतका लांबला की शेवटी गुरुजी जव्हारला बाजाराला आले तेव्हा मला गाठून म्हणाले, "सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. तुम्हीच सांगा काय ते. पण बाईंच्या बाजूने बोलू नका."

गुरुजींचे म्हणणे असे : वर्गाच्या चारही भिंती आतून गेरूने रंगवायच्या आणि त्यांवर वारली चित्रे काढायची. मुले वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी अशा घरांतून येतात. घरच्या भिंती सारवलेल्या, गेरूच्या. शाळेत आले की पांढऱ्याफटक भिंती, एखाद्या दवाखान्यासारख्या. पहिलीतले पोर बिचकते. भिंत ओळखीची असली की शाळा आपली वाटते. शिवाय गेरूवर डाग दिसत नाहीत.

बाईंचे म्हणणे एका वाक्याचे होते : "पावसाळ्यात मागच्या मुलांना अक्षर दिसत नाही, मला चुना हवा."

दोघांचेही म्हणणे खरे आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण भिंतीला रंग एकच लागतो. मी विचार करून माझे मत दिले ते असे : वर्गाच्या आत चुना, बाहेर ओसरीवर गेरू. हे मत गुरुजींना अजून पुरते पटलेले नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत आणि घरातही हा प्रश्न कधी ना कधी येणार, म्हणून त्यामागचे विज्ञान येथे मांडतो. पटते का ते तुम्हीच पाहा.

बाईंच्या तक्रारीचा अनुभव मी स्वतः घेतला होता. आदल्या जुलैत एकदा सकाळी अकराच्या सुमारास त्या वर्गात गेलो. बाहेर पाऊस, धुके खाली उतरलेले, वीज गेलेली. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर पावसाळ्यात असे दिवस सलग येतात. खोलीला ओसरीच्या बाजूला दोन खिडक्या आणि एक दार. बाकीच्या तीन भिंती सलग. वर पत्रा. भिंतींना पूर्वी कधीतरी लावलेला तांबूस-तपकिरी रंग, ओल धरून आणखी काळवंडलेला. मुले बसकरपट्ट्यांवर बसलेली. खिडकीजवळची मुले नीट वाचत होती. मागच्या कोपऱ्यातली एक मुलगी पुस्तक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून अक्षरे लावत होती. मला प्रथम वाटले, हिला चष्मा हवा. बाईंनी तिला खिडकीपाशी आणून बसवले, तर तेच पुस्तक मांडीवर ठेवून ती घडाघडा वाचू लागली.

आता हिशेब करू या. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. ऐन उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाखाच्या आसपास लक्स प्रकाश पडतो. दाट पावसाळी ढगांखाली हाच आकडा काही हजारांवर येतो. समजा तो ५००० आहे. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत मागच्या कोपऱ्यापर्यंत बाहेरच्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा पोचला, तर तेथे ५० लक्स मिळतील. वर्गात वाचन-लेखनासाठी सुमारे ३०० लक्स असावेत असे साधारणपणे मानतात. तेव्हा त्या मुलीचा डोळा अधू नव्हता, कोपरा अंधारा होता.

या कोपऱ्यात पोचणारा प्रकाश येतो कोठून? खिडकीतून थेट येणारा प्रकाश खिडकीजवळ भरपूर असतो आणि आत जाऊ तसा झपाट्याने कमी होतो. मागे बसलेल्याला खिडकीतून आभाळाचा तुकडाही दिसत नसेल, तर त्याच्या वहीवर थेट प्रकाश जवळजवळ येतच नाही. जो येतो तो भिंतींवरून, जमिनीवरून, छपरावरून परावर्तित होऊन येतो. म्हणजे मागच्या मुलांचा दिवा खिडकी नसून भिंत आहे. आणि या दिव्याची ताकद ठरते रंगावरून.

नवा चुना लावलेली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी अंदाजे ८० टक्के परत फेकते. गेरूची भिंत, गेरू किती दाट आहे त्यावर, २० टक्क्यांच्या आसपास. तुम्ही म्हणाल, म्हणजे चुन्याच्या खोलीत चौपट उजेड. एवढे सरळ नाही. चुन्याच्या भिंतीवरून परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तेथून पुन्हा परततो, पुन्हा कोठेतरी पडतो. प्रत्येक खेपेला थोडा थोडा शोषला जातो. उलट खिडक्यांतून काही प्रकाश बाहेर निसटतो, तर काही काळपट जमिनीत आणि छपरात जिरतो. म्हणून सगळ्या पृष्ठभागांची मिळून सरासरी काढावी लागते. ही सरासरी 'स' मानली, तर पहिल्या परावर्तनाने स, दुसऱ्याने स², तिसऱ्याने स³ असा प्रकाश मिळत जातो. ही भूमिती श्रेढी तुम्हांला माहीत आहे. तिची बेरीज स ÷ (१ − स).

बाईंच्या वर्गाला हे लावून पाहू. खोली २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच धरली. जमीन ४०० चौरस फूट, छप्पर ४००, भिंती ८००. पैकी दारे-खिडक्या ८० चौरस फूट, म्हणजे रंगवायच्या भिंती ७२०. जमीन आणि जुना पत्रा २० टक्के परावर्तन करतात असे समजू. उघड्या खिडकीचे परावर्तन शून्य. भिंतींना चुना असेल तर सरासरी येते ०.४६ आणि श्रेढीची बेरीज ०.८५. भिंतींना गेरू असेल तर सरासरी ०.१९ आणि बेरीज सुमारे ०.२३. म्हणजे परावर्तित उजेडात साडेतीन पटींचा फरक! कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही करून पाहा; माझ्या बी.एस्सी.च्या मुलांना गणित घातले तेव्हा निम्म्यांनी खिडक्या वजा केल्या नव्हत्या.

हे गणित करताना प्रकाश सगळीकडे सारखा विखुरला जातो असे आपण गृहीत धरले आहे. खऱ्या खोलीत तसे नसते. तरी त्यातून रोख कळतो. आतून पांढरा केलेला पोकळ गोल घेऊन दिव्याचा एकूण प्रकाश मोजण्याचे साधन प्रयोगशाळांत वापरतात. जर्मन अभियंता उलब्रिख्त याच्या नावाने ते ओळखले जाते, आणि त्यामागचे तत्त्व हेच.

आता गुरुजींची बाजू. गेरूवरची पांढरी चित्रे ही काही कोणाची लहर नव्हे. ती त्या घराला, त्या उजेडाला शोभणारी आहेत. इतकेच नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ती फार शहाणपणाची आहेत.

जुन्या वारली घराची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कुड. त्यावर माती-शेणाचा लेप, आणि लग्नकार्याला वर गेरू. खिडकी बहुधा नाहीच. उजेड येणार दारातून आणि कुडाच्या फटींतून. आत धान्याच्या कणग्या, चूल, निजायची जागा. दिवसाची कामे अंगणात, ओटीवर, शेतावर. पावसाचा मारा बाहेर राहावा हे घराचे पहिले काम. आतला उजेड ही चैन. अशा अर्धवट काळोखात लग्नाचा चौक काढायचा तर कोणती रंगजोडी घ्यावी? तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, टोक चेचून कुंचल्यासारखी केलेली काडी घ्यायची आणि गडद भिंतीवर पांढरी रेघ ओढायची. रेघेचे परावर्तन भिंतीच्या तीन-चार पट. ही पट उजेड कमी झाला तरी बदलत नाही, कारण रेघ आणि भिंत दोन्ही एकाच प्रमाणात मंदावतात. आणि चित्रातली माणसे बोटभर-वीतभर उंचीची असतात. एवढा मोठा आकार आणि एवढा फरक असला की थोड्याशा उजेडातही डोळ्याला तो पकडता येतो.

संध्याकाळी तर आणखी एक गंमत होते. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. भरपूर उजेडात शंकूच्या आकाराच्या पेशी काम करतात. त्या ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. उजेड फार मंदावला की दंडाकार पेशी पुढे येतात. त्यांचा भर ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे असतो, आणि तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दिवस मावळताना तांबड्या वस्तू आधी काळ्या पडतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे फुलांकडे पाहताना टिपले. जास्वंदीचे झाड दारात असेल तर तुम्हांलाही दिसेल : दिवेलागणीला फूल काळपट होते आणि पाने मात्र उजळ राहतात. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. तो निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतो आणि तांबडा-नारिंगी परत पाठवतो. तेव्हा तिन्हीसांजेला गेरूची भिंत डोळ्यापुरती काळी होत जाते आणि तांदळाची रेघ तिच्यावर जास्तच उठून दिसते. (पेटत्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात तांबडा भाग भरपूर असल्यामुळे हा फरक कमी पडतो.) ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या हे चौक काढले त्यांना या पेशींची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी भिंतीकडे पाहिले होते.

पुढे १९७० नंतर ही चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव त्यात पहिले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. पांढऱ्या कागदावर सरळ काळ्या शाईने चित्र काढणे किती सोपे! पण या चित्रांची ओळख राहिली ती कापडाला आधी शेण किंवा गेरू लावून त्यावर पांढऱ्याने काढण्याचीच. पार्श्वभूमी चित्राबरोबर आली, कारण ती चित्राचाच भाग होती.

तांदळाच्या रेघेविषयी अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती तुम्ही आज घरी पाहू शकता. एका कौलाच्या तुकड्याला गेरू लावून वाळवा. त्यावर तांदळाच्या पिठाच्या पातळ कालवणाने रेघ ओढा. रेघ दिसतच नाही! नुसती ओली खूण. दहा-पंधरा मिनिटांनी ती हळूहळू पांढरी होऊ लागते. रंग तोच, पीठ तेच. मग पांढरेपणा आला कोठून? पिठाच्या कणाचा वक्रीभवनांक सुमारे १.५३, पाण्याचा १.३३, हवेचा १. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना, दोन्हींच्या वक्रीभवनांकांत जेवढा जास्त फरक तेवढा जास्त मागे फिरतो. कणाभोवती पाणी असेल तर एका पृष्ठभागावरून साधारण अर्धा टक्का प्रकाश परततो. पाणी उडून हवा आली की हाच आकडा ४.४ टक्के होतो, नऊपट. असे असंख्य कण एकावर एक असतात, म्हणून प्रकाश शेवटी सगळ्या दिशांना विखुरला जातो आणि आपल्याला पांढरे दिसते. चुन्याचेही असेच. ओला हात फिरवला की भिंत फिकट करडी दिसते. वाळताना पांढरी होत जाते. शिवाय चुन्याची निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते ते निराळेच. त्यामुळे चुना भिंतीला धरून राहतो.

हेच तत्त्व गेरूवर मात्र उलटे उठते. ओल आली की मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागी पाणी येते, प्रकाश लवकर परत फिरत नाही, खोल शिरतो आणि शोषला जातो. पहिल्या पावसाने अंगण गडद होते ते याचमुळे. म्हणजे आधीच २० टक्के परावर्तन करणारी गेरूची भिंत जुलै-ऑगस्टात, नेमक्या ज्या महिन्यांत उजेडाची चणचण असते, त्या महिन्यांत आणखी काळवंडते. चुनाही ओलीने मंदावतो. पण मुळात श्रीमंत असलेल्याचे थोडे गेले तर चालते.

तर मुद्दा असा. चित्राला हवा असतो फरक. पुस्तकातल्या अक्षराला फरक तर हवाच, शिवाय उजेडही हवा. पुस्तकात काळी शाई आणि पांढरा कागद यांच्यात फरक भरपूर असतो, वारली चित्रापेक्षा कितीतरी जास्त. तरीही अंधारात वाचता येत नाही, कारण अक्षर बारीक असते. उजेड कमी झाला की डोळ्याची बारकावे ओळखण्याची ताकद घटते. 'घ' आणि 'ध' यांत गाठीएवढा फरक. तोच प्रथम पुसला जातो. मग मूल पुस्तक जवळ आणते, कारण जवळ आणल्याने अक्षर डोळ्याला मोठे दिसते. बाईंची ती मुलगी हेच करत होती. चौकातला घोडा तिला मागच्या भिंतीवरूनही दिसला असता. धडा दिसत नव्हता.

म्हणून मी गुरुजींना म्हणालो, "तुमचे घोडे ओसरीवर काढा. तेथे उजेड आहे, येणाराजाणारा पाहील, गावातल्या बायांना काढायला जागाही ऐसपैस आहे." ते म्हणाले, "म्हणजे आमचे ते बाहेर आणि तुमचे ते आत, असेच ना सर?" हे बोलणे मला लागले. त्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. शहरातल्या स्टेशनांवर आणि कचेऱ्यांच्या कुंपणांवर गेरूसारखा दिसणारा तेलीरंग लावून साच्याने वारली माणसे छापतात, ते पाहून मलाही बरे वाटत नाही. पण येथे प्रश्न कोणाची भिंत मानाची हा नव्हता. त्या मुलीला आत बसून वाचायचे आहे, आणि गेरूची भिंत घरात जे काम करते ते काम वर्गात करायचेच नाही.

डागांचा आक्षेप खरा आहे. चुन्याला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो आणि भिंत काळी. जमिनीवर बसणारी मुले भिंतीला टेकणारच. त्यासाठी खाली दोन फुटांचा गेरूचा पट्टा ठेवावा असे मी सुचवले. त्याची किंमत किती पडते तेही मोजले : आपल्या हिशेबातली बेरीज ०.८५ वरून ०.६७ वर येते, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त उजेड जातो. गुरुजी पट्टा चार फुटांचा करू पाहत होते. मी नको म्हणालो. डाग लपवण्यासाठी वर्ग अंधारा करायचा, हा हिशेब मला कधीच कळला नाही. मी स्वतः ज्या शाळेत शिकलो तेथे माझ्या खांद्यापर्यंत चॉकलेटी तेलीरंग होता, आणि शाळा सोडेपर्यंत तो स्वच्छ आहे असाच आमचा समज होता. तेलीरंगाचा दुसरा दोष म्हणजे तो चकाकतो. खिडकीचे प्रतिबिंब एकाच दिशेला फेकतो आणि डोळे दिपवतो. चुन्याची भिंत खडबडीत असते, तिच्यावरून अनियमित परावर्तन होते, उजेड सगळीकडे सारखा वाटला जातो. स्वस्त आहे म्हणून चुन्याला कमी लेखू नये.

पांढऱ्या खोलीत गारवा असतो आणि तांबड्या खोलीत उष्मा, असेही बाईंच्या बाजूने कोणी बोलले. हे मात्र खरे नाही, निदान आतल्या रंगापुरते. भिंती खोलीत जी उष्णता फेकतात ती दहा मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त तरंगांच्या रूपात, आणि त्या तरंगांसाठी चुना काय नि गेरू काय, दोन्ही जवळजवळ सारखेच 'काळे' असतात. बाहेरून, विशेषतः छपरावर, पांढरा रंग उन्हाची उष्णता परतवतो. ती गोष्ट वेगळी.

एक सूचना मात्र मी आवर्जून केली, कारण ती सहसा कोणी करत नाही. चुना कमी पडला तर खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत आधी पांढरी करा. लोक नेमकी ती सोडतात. तिच्यावर थेट उजेड पडत नाही, तेव्हा तिला कशाला रंग, असे वाटते. पण खिडकीतल्या झगझगीत आभाळाशेजारी ती भिंत काळीकुट्ट दिसते आणि या विरोधाने डोळे शिणतात. खिडकीच्या आतल्या कडाही पांढऱ्या असाव्यात. आणि चुन्यात नीळ घालायची तर चिमूटभर. नीळ पिवळसर झाक मारते म्हणून भिंत जास्त पांढरी भासते; प्रत्यक्षात नीळ प्रकाश शोषतेच, म्हणजे उजेड किंचित कमी होतो. भासणे आणि असणे यांतला फरक मोजणीनेच कळतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. बुटांची दोन सारखी खोकी घ्या. एकाला आतून चुना, दुसऱ्याला गेरू लावून वाळवा. प्रत्येकाच्या झाकणाला एका टोकाजवळ रुपयाएवढे भोक पाडा. दुसऱ्या टोकाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातले बारीक अक्षरांचे सारखेच कात्रण चिकटवा. भोक आणि कात्रण यांच्यामध्ये झाकणापासून खाली लोंबणारी पुठ्ठ्याची पट्टी लावा, म्हणजे भोकातून येणारा प्रकाश कात्रणावर थेट पडणार नाही. खाली चार बोटे फट मात्र ठेवा. कात्रणासमोरच्या टोकाला खालच्या बाजूस डोळा लावायला बारीक भोक पाडा. दोन्ही खोकी ओसरीवर शेजारी शेजारी ठेवा आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी आत पाहा. कोणत्या खोक्यातले अक्षर आधी हरवते आणि किती मिनिटे आधी, ते वहीत लिहा. घरात मोबाइल असेल तर प्रकाश मोजणारे ॲप वापरून खऱ्या खोलीतही मोजणी करता येईल. एकच मोबाइल वापरा आणि आकड्यांपेक्षा त्यांच्या गुणोत्तराकडे लक्ष द्या.

आणि ज्यांच्या घरी अजून कुडाच्या भिंती आहेत, त्यांनी घरभर चुना फासावा असे मी मुळीच म्हणत नाही. दाराच्या आत, जेथे बसून अभ्यास करता, तेवढी एक भिंत पुरुषभर उंचीपर्यंत पांढरी करा. पाठ तिच्याकडे करून, दार बाजूला येईल असे बसा. वहीवर उजेड पडेल. बाकीचा गेरू जागच्या जागी राहू द्या.

शाळेचा रंग मे महिन्यात लागला. आत चुना, खाली दोन फूट गेरू; गुरुजींनी तो नजर चुकवून अडीच केला. ओसरीवर गावातल्या बायांनी दोन दिवस बसून चित्रे काढली आणि मुलांनी त्यात एक एस.टी. घुसडली. छपराच्या पत्र्याचे काम मात्र राहिले. तो आतून पांढरा झाला तर आपल्या हिशेबातली बेरीज ०.६७ वरून १.२२ वर जाते, म्हणजे परावर्तित उजेड जवळजवळ दुप्पट. पण पत्र्याला चुना धरत नाही. उन्हाने पत्रा तापतो, पसरतो आणि पोपडे मुलांच्या डोक्यावर पडतात. बांबूच्या तट्ट्या विणून त्यांना चुना लावावा आणि त्या पत्र्याखाली बसवाव्यात असे बाईंच्या मनात आहे. गुरुजींना उंदरांची भीती वाटते. कोणा शाळेने असे काही करून पाहिले असेल, तर काय अनुभव आला ते संपादकांकडे अवश्य लिहून पाठवा. मी ते पत्र शाळेत पोचते करीन.